अल्बमच्या पानावरचे वाद: तारीख, संगीतप्रकार आणि पडताळणी

आमच्या महाविद्यालयात अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत एक विषय दरवर्षी हमखास येतो. गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा द्यायचा आणि तो रॉक आहे, जॅझ आहे की डिस्को, हे संगणकाने ओळखायचे. काही वर्षांपूर्वी माझ्याच मार्गदर्शनाखालच्या एका गटाने नव्वद टक्क्यांहून जास्त अचूकता दाखवली. आलेख सुंदर होते, अहवाल नीट बांधलेला होता. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "हे गाणे रॉक आहे हे आधी कोणी ठरवले?" मुलांनी सांगितले, "डेटासेटमध्ये तसे लिहिले आहे, सर." "आणि डेटासेटमध्ये कोणी लिहिले?" यावर चौघेही माझ्याकडे पाहू लागले. अहवालावर सही माझी होती आणि उत्तर मलाही येत नव्हते.

पुढे उत्तर शोधू लागलो, तेव्हा शोध संगीतशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा विकिपीडियावरच्या अल्बमविषयक लेखांकडे जास्त गेला. "हे रॉक आहे असे कोण म्हणतो?" हा प्रश्न तिथे रोज विचारला जातो. त्यावर भांडणे होतात, आणि ती कशी सोडवायची याचे लेखी नियमही तिथे आहेत. या पाठात आपण ते नियम, त्यामागचे तर्क आणि ते कुठे अपुरे पडतात हे पाहू. संगीताची आवड नसली तरी हरकत नाही. तुमची शाखा यंत्र असो वा स्थापत्य, एखादी नोंद बरोबर कशी ठरते हा प्रश्न तुमच्यापुढेही येणारच आहे.

माहितीचौकट: चार इंचांची रणभूमी

इंग्रजी विकिपीडियावर कोणत्याही अल्बमचा लेख उघडा. उजव्या बाजूला एक चौकट दिसते. तीत मुखपृष्ठाचे चित्र, कलाकार, प्रकाशनाची तारीख, स्टुडिओ, संगीतप्रकार, लांबी, कंपनी, निर्माता असे रकाने असतात. मराठी विकिपीडियावर तिला माहितीचौकट म्हणतात. खालचा लेख पाच हजार शब्दांचा असला तरी भांडण बहुतेक वेळा या चौकटीतच होते.

याचे कारण सोपे आहे. लेखाच्या मजकुरात तुम्ही लिहू शकता की अमुक समीक्षकाला हा अल्बम हार्ड रॉक वाटला, तमुकाला त्यात ब्लूज दिसले आणि कलाकाराला दोन्ही शब्द आवडत नाहीत. वाक्यात "पण" ला जागा असते. रकान्यात ती नसते, तिथे एकच शब्द बसतो, फार तर तीन-चार. शिवाय तो बदलायला अभ्यास लागत नाही. "हेवी मेटल" खोडून "हार्ड रॉक" लिहायला दहा सेकंद पुरतात, आणि कारण न देता ते करणारे लोक रोज येतात. अनुभवी संपादक त्यांना थट्टेने प्रकार-योद्धे म्हणतात.

प्रत्येक पानाचा पूर्ण इतिहास जपलेला असतो. कोणी, कधी, कोणते अक्षर बदलले ते दोन आवृत्त्या शेजारी ठेवून दिसते. संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना हे गिटसारखे वाटेल, आणि ते बऱ्याच अंशी तसेच आहे. फरक असा की इथे कोणीही थेट मुख्य शाखेत बदल करू शकतो आणि तो लगेच जगाला दिसतो. न पटलेला बदल एका टिचकीत उलटवता येतो. दोन हट्टी माणसे समोरासमोर आली की पान दिवसभर इकडून तिकडे हेलकावे खाते. यासाठी तीन उलटफेरांचा नियम आहे. एकाच पानावर एका संपादकाने २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे काम उलटवले, तर त्याच्यावर तात्पुरती बंदी येऊ शकते. उघड नासधूस उलटवणे यातून वगळले आहे, पण मतभेद म्हणजे नासधूस नव्हे. "मी बरोबर होतो" हा बचाव चालत नाही, हे नवख्यांना फार उशिरा कळते. कोण बरोबर हे नियम पाहतच नाही. तो फक्त लोलक थांबवतो आणि दोघांना चर्चा पानावर ढकलतो.

चर्चा पानावर काय चालते याचा नमुना हवा असेल तर बीटल्सचा घ्या. वाक्याच्या मध्ये या गटाचे नाव लिहिताना इंग्रजीतल्या उपपदाचे पहिले अक्षर मोठे काढायचे की लहान, यावर तिथे इतका काळ वाद चालला की २०१२ साली अमेरिकेच्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने त्याची बातमी केली. शेवटी लहान अक्षराच्या बाजूने कौल गेला. आपल्या देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही, त्यामुळे आपण एवढ्या एका भांडणातून सुटलो.

तारीख: वाद जो मिटू शकतो

आता अचूकतेचा एक खरा प्रश्न पाहू. बॉब डिलनचा 'ब्लाँड ऑन ब्लाँड' हा दुहेरी अल्बम कधी प्रसिद्ध झाला? अनेक दशके उत्तर ठरलेले होते: १६ मे १९६६. पुस्तकांत तेच, मासिकांत तेच. या तारखेला आणखी एक आकर्षण होते. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' हा अल्बमही १६ मे १९६६ चाच. रॉक संगीतातल्या दोन मानदंडांचा जन्म एकाच दिवशी झाला, ही गोष्ट सांगायला इतकी छान होती की ती तपासावी असे फारसे कोणाला वाटले नाही.

पण धागे जुळत नव्हते. कोलंबिया कंपनीने 'बिलबोर्ड' साप्ताहिकात या अल्बमची पानभर जाहिरात दिली ती २५ जूनच्या अंकात. त्याच साप्ताहिकातले परीक्षण जुलैमध्ये आले. मे महिन्यात निघालेल्या इतक्या मोठ्या कलाकाराच्या अल्बमसाठी दोन महिने थांबायचे कारण काय? त्याहून ठोस पुरावा असा की अल्बममधल्या एका गाण्यावर जून महिन्यात वाढीव ध्वनिमुद्रण झाल्याची नोंद सापडली. जूनमध्ये वाजवलेले वाद्य मे महिन्यात विकलेल्या तबकडीत ऐकू येणार कसे? मायकेल ग्रे या डिलन-अभ्यासकाने तारीख जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीची असावी असे मांडले होते. पुढे २०१७ साली क्लिंटन हेलिन या चरित्रकाराला सोनी कंपनीच्या नोंदींत २० जून ही तारीख मिळाली, आणि लेखातही ती आली.

या उदाहरणात विकिपीडियाचा एक महत्त्वाचा नियम नीट दिसतो, म्हणून त्यावर थोडे थांबू. समजा, हेलिनच्या आधी तुमच्यासारख्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याने जाहिरात आणि ध्वनिमुद्रणाची नोंद शेजारी ठेवून "म्हणजे मे ही तारीख चूक आहे" असा निष्कर्ष काढला असता. तर्क निर्दोष आहे. तरीही तो त्याला लेखात लिहिता आला नसता. एका स्रोतातून 'क' आणि दुसऱ्यातून 'ख' घेऊन, कोणत्याच स्रोतात नसलेला 'ग' स्वतः काढणे याला तिथे मूळ संशोधन म्हणतात, आणि ते वर्ज्य आहे. अभियांत्रिकीत आपण विद्यार्थ्यांना नेमके हेच करायला शिकवतो. म्हणून हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो चक्क मूर्खपणाचा वाटला होता.

माझे मत सावकाश बदलले. शोधनिबंधावर तुमचे नाव असते, तुमची संस्था असते, परीक्षक असतात. विश्वकोशातल्या वाक्यामागे बहुधा कोणतेच नाव नसते. ज्याचे नावच माहीत नाही त्याच्या तर्कावर वाचकाने विश्वास का ठेवावा? म्हणून तिथे भरवसा लेखकावर ठेवत नाहीत, ज्याची जबाबदारी कोणीतरी घेतली आहे अशा छापील किंवा संपादित स्रोतावर ठेवतात. या धोरणाच्या जुन्या मसुद्यात सुरुवातीलाच असा आशय होता की कसोटी पडताळणीची आहे, सत्याची नाही. त्या शब्दांवरून इतका गदारोळ झाला की २०१२ साली ते प्रस्तावनेतून काढले गेले. आशय मात्र कायम आहे. हुशार विद्यार्थ्याला दुसरी वाट मोकळी असते: आपला निष्कर्ष कुठेतरी स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करायचा. मग तो स्रोत होऊ शकतो.

काही तारखांचे वाद पुराव्याने मिटत नाहीत, कारण तिथे प्रश्नच दोन असतात. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स'ची ब्रिटनमधली अधिकृत तारीख १ जून १९६७, पण दुकानांत तो २६ मेपासूनच मिळू लागला होता. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. रकान्यात अधिकृत तारीख हवी की प्रत्यक्ष, हे आधी ठरवावे लागते.

विक्रीचे आकडे हा त्याहून निसरडा भाग आहे. मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या जगभरातल्या विक्रीचे दावे साडेसहा कोटींपासून दहा कोटींच्या वर जातात. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचे आकडे खूप कमी असतात आणि तेही देशापुरते. अमेरिकेतल्या संस्थेने २०२१ साली या अल्बमला ३४ पट प्लॅटिनम दिले, म्हणजे त्या देशात ३ कोटी ४० लाख एकके. एकक म्हणजे काय हेही बदलत गेले. २०१६ पासून तिथे १५०० वेळा ऑनलाइन ऐकलेले गाणे एका अल्बमच्या विक्रीइतके धरतात. तेव्हा १९८४ चा आकडा आणि २०२१ चा आकडा एकाच आलेखावर काढण्याआधी परिमाण तपासा. प्रयोगशाळेत हे मी रोज ओरडून सांगतो.

संगीतप्रकार: वाद जो मिटत नाही

तारीख ही निदान घडलेली घटना असते. संगीतप्रकार तसा नसतो. इटालियन संगीतशास्त्रज्ञ फ्रँको फाब्री यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेली व्याख्या अजून वापरली जाते. तिचा आशय असा की संगीतप्रकार म्हणजे समाजाने मान्य केलेल्या नियमांनी चालणाऱ्या सांगीतिक घटनांचा संच. यातला "समाजाने मान्य केलेल्या" हा भाग अधोरेखित करा. ताल, वाद्ये, स्वररचना हे त्यात येतेच, पण कोण वाजवतो, कुठे वाजवतो, ऐकणारे कसे बसतात किंवा नाचतात, दुकानात तबकडी कोणत्या कप्प्यात ठेवतात, हेही येते. ध्वनिलहरींच्या आलेखात यातले अर्धे सापडणारच नाही.

मग रकान्यात लिहायचे काय? उत्तर तेच: विश्वसनीय स्रोत काय म्हणतो ते. पण इथे स्रोतांची छाननी फार बारीक आहे. 'ऑलम्युझिक' या संकेतस्थळावर अल्बमचे परीक्षण लिहिलेले असते आणि बाजूला संगीतप्रकारांची यादीही असते. विकिपीडियाचे संपादक परीक्षणाचा मजकूर ग्राह्य धरतात, बाजूची यादी धरत नाहीत, कारण ती यादी परीक्षकाने लिहिलेली नसून वेगळ्याच ठिकाणाहून येते. एकाच पानावरचा डावा भाग पुरावा आणि उजवा भाग नाही! 'रेट युअर म्युझिक' आणि 'डिस्कॉग्ज' इथली माहिती वापरणारेच भरतात, म्हणून प्रकाराच्या पुराव्यासाठी तीही चालत नाहीत. शिवाय एका गाण्याला फंक म्हटले म्हणून पूर्ण अल्बम फंक होत नाही. कलाकारांच्या चौकटीसाठीची सूचना तर सांगते की शक्यतो व्यापक नाव घ्या आणि दोन ते चारवर थांबा.

विद्यार्थी लगेच विचारतात, कलाकारालाच विचारले तर? मोटरहेड या ब्रिटिश गटाचा लेमी आयुष्यभर सांगत राहिला की आम्ही रॉक अँड रोल वाजवतो, हेवी मेटल नाही. त्याच गटाला २००५ साली ग्रॅमी मिळाले ते मेटलच्या विभागात, आणि तेही मेटॅलिकाचे गाणे वाजवल्याबद्दल. कलाकाराचे म्हणणे हा एक स्रोत झाला, एकमेव नाही. आपण काय केले हे त्याला माहीत असते. लोकांनी त्याला कोणत्या कप्प्यात ठेवले हे लोक ठरवतात.

ही कप्प्यांची गोष्ट पोरकट नाही, त्यात पैसा आणि मान अडकलेला असतो. १९८९ च्या फेब्रुवारीत ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटल यांचा एकत्र विभाग पहिल्यांदाच ठेवला. मेटॅलिकाला मिळणार असे सगळे धरून चालले होते, पुरस्कार गेला जेथ्रो टल या गटाला, ज्याचा म्होरक्या बासरी वाजवतो. कंपनीने मग जाहिरात देऊन विनोद केला की बासरीही जड धातूचीच असते. पुढच्या वर्षी विभागाचे दोन तुकडे करावे लागले. अलीकडचे उदाहरण बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'चे आहे. मार्च २०२४ मध्ये हा अल्बम आला तेव्हा तिने स्वतःच सांगितले होते की हा कंट्री अल्बम नाही, बियॉन्से अल्बम आहे. त्या वर्षी कंट्री संगीताच्या संघटनेने आपल्या पुरस्कारांसाठी तिचे एकही नामांकन केले नाही. नंतर २०२५ च्या फेब्रुवारीत ग्रॅमीने त्याच अल्बमला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बम ठरवले. तीन अधिकारी, तीन उत्तरे. अमेरिकेत या प्रश्नाला वंशभेदाचा जुना संदर्भ आहे. 'बिलबोर्ड'ने कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीचे 'रेस रेकॉर्ड्स' हे नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केले ते १९४९ साली. म्हणजे ज्याला आपण आज निव्वळ संगीतप्रकार समजतो, ते नाव मुळात ऐकणारे कोण यावरून पाडलेले होते.

मुंबईतला अल्बम आणि शिकागोचे नाव

वर्गात मी नेहमी घेतो ते उदाहरण मुंबईचे आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे जोडून एक अल्बम ध्वनिमुद्रित केला: टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जातले सूर वाजवणारे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. नाव होते 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींडेची सवय असलेल्या वादकाला ती भावली असणार. एचएमव्हीने काढलेल्या या तबकडीकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही.

पुढे १९८७ साली शिकागोत फ्यूचर या गटाने तेच टीबी-३०३ यंत्र पिळवटून 'ॲसिड ट्रॅक्स' हे ध्वनिमुद्रण काढले, आणि ॲसिड हाऊस नावाचा प्रकार जगभर गेला. २००२ साली एका डच संग्राहकाला चरणजित सिंगांची तबकडी दिल्लीत सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि पाश्चात्त्य समीक्षक चकित झाले: हा तर ॲसिड हाऊसच्या आधीचा ॲसिड हाऊस! काहींना तर ही कोणीतरी अलीकडे केलेली बनवाबनवी वाटली. सिंग यांनी स्वतः मुलाखतींत साधेच कारण दिले होते. तेव्हा चित्रपटांत डिस्कोची चलती होती, म्हणून त्याच तालावर काही वेगळे करून पाहावे असे त्यांना वाटले. २०१५ साली ते मुंबईत वारले.

आता रकान्यात काय लिहाल? मी वर्गाचे दोन भाग करतो. पहिला भाग म्हणतो ॲसिड हाऊस, कारण छापील परीक्षणांत तो शब्द आहे आणि कानालाही ते पटते. दुसरा भाग म्हणतो, मुखपृष्ठावर डिस्को आणि राग हे शब्द स्वतः कलाकाराने दिले आहेत. जो प्रकार १९८२ साली अस्तित्वातच नव्हता तो त्याच्या नावावर कसा चढवता? एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, परीक्षणात नेमके काय लिहिले आहे ते आधी वाचू या." वाचले, आणि वाद जागेवर आला. एखाद्या गोष्टीची चाहूल देणारी कृती आणि ती गोष्ट, हे दोन वेगळे दावे आहेत. "ॲसिड हाऊसची आठवण करून देणारा" किंवा "त्याच्या आधी तसा वाटणारा" असे स्रोत म्हणत असेल, तर त्यावरून रकान्यात "ॲसिड हाऊस" लिहिणे म्हणजे वाक्यातला "सारखा" गाळणे. मजकुरात लिहा, भरपूर लिहा. रकान्यासाठी मात्र अल्बमला थेट ॲसिड हाऊस म्हणणारे वाक्य शोधून आणा. तसे वाक्य सापडले तर कालक्रमाची अडचण आड येत नाही, कारण प्रकारांची नावे नंतर मागे लावण्याची पद्धत सगळ्याच कलांच्या इतिहासात आहे. माझे स्वतःचे मन दुसऱ्या बाजूला झुकते. मुंबईच्या माणसाच्या कामाची किंमत ते शिकागोच्या आधी आले एवढ्यावरच ठरावी, हे मला खटकते. पण हे माझे मत झाले, आणि लेखात त्याला जागा नाही.

याच अल्बमचे वर्ष कुठे १९८२ मिळते तर कुठे १९८३. ध्वनिमुद्रणाचे वर्ष आणि बाजारात येण्याचे वर्ष यांची सरमिसळ इथेही आहे. भारतीय तबकड्यांबाबत ही अडचण फार जाणवते, कारण मुखपृष्ठावर बहुधा वर्षच असते, दिनांक नसतो.

भारतीय चित्रपटसंगीताचे आणखी एक त्रांगडे आहे. इंग्रजी विकिपीडियावर आपल्या असंख्य चित्रपट-अल्बमांच्या चौकटीत संगीतप्रकार म्हणून "फीचर फिल्म साउंडट्रॅक" एवढेच लिहिलेले दिसते. हा प्रकार झाला का? गाणी कशासाठी केली हे त्यातून कळते, कशी आहेत हे कळत नाही. २०१६ च्या 'सैराट'चे उदाहरण घ्या. अजय-अतुल यांनी त्यातला सिम्फनी वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केला, आणि त्याच अल्बममध्ये वरातीत धुमाकूळ घालणारे 'झिंगाट' आहे. एक शब्द दोघांना कसा पुरणार? मला वाटते, इथे रकाना रिकामा ठेवणे जास्त प्रामाणिक ठरेल. पण रिकामा रकाना दिसला की तो भरायला कोणीतरी येतेच.

चौकटीतून बाहेर पडलेला शब्द

इतका काथ्याकूट कशासाठी, असे वाटत असेल तर तो शब्द पुढे कुठे जातो ते पाहा. डीबीपीडिया हा प्रकल्प २००७ पासून विकिपीडियाच्या माहितीचौकटी यंत्राने वाचून त्यांचा डेटासेट करतो. २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटामध्ये संगीतप्रकाराला पी१३६ आणि प्रकाशनाच्या तारखेला पी५७७ असा क्रमांक आहे. तिथून ही माहिती शोधयंत्रांना, बोलक्या सहायकांना, शिफारस करणाऱ्या प्रणालींना, भाषा-प्रारूपांना मिळते. वाटेत तळटीप गळून पडते, "सारखा" गळतो, आणि उरतो फक्त शब्द. पत्रकार तो शोधयंत्रावर वाचून बातमीत घालतो. मग विकिपीडियावरचा कोणी संपादक तीच बातमी स्रोत म्हणून जोडतो. वर्तुळ पूर्ण! याला गमतीने इंग्रजीत 'सायटोजेनेसिस' म्हणतात. एक्सकेसीडी या व्यंगचित्रमालिकेने २०११ साली तो शब्द रूढ केला.

संगीताच्याच क्षेत्रात हे किती सहज घडते ते २००९ मध्ये दिसले. चित्रपट-संगीतकार मॉरिस जार वारले तेव्हा डब्लिनमधल्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या विकिपीडिया पानावर स्वतः रचलेले एक सुंदर वाक्य त्यांच्या तोंडी घातले. विकिपीडियाच्या संपादकांनी ते स्रोत नाही म्हणून काढून टाकले. मधल्या वेळात मात्र काही वृत्तपत्रांनी ते मृत्युलेखात छापले होते, त्यांत ब्रिटनचे 'गार्डियन'ही होते. नंतर त्यांना दुरुस्ती द्यावी लागली. हे वाक्य विकिपीडियावर परत आणायचे असते, तर त्यासाठी आता नामांकित वृत्तपत्राचा "स्रोत" हाताशी होता! म्हणून स्रोताची तारीख नेहमी पाहा. पानावर ती नोंद आधी आली की स्रोत आधी आला, हे इतिहास उघडून तपासता येते.

आता परत माझ्या चार विद्यार्थ्यांकडे येतो. त्यांनी वापरलेला डेटासेट विकिपीडियातून आलेला नव्हता. तो होता जीटीझॅन, ज्यावर जॉर्ज झानेटाकिस आणि पेरी कुक यांचा २००२ चा निबंध आहे: दहा प्रकार, प्रत्येकी १०० तुकडे, प्रत्येक तुकडा ३० सेकंदांचा. त्या निबंधातली अचूकता ६१ टक्के होती. २०१३ मध्ये बॉब स्टर्म यांनी हा संच तुकडा न् तुकडा तपासला, तेव्हा त्यात तेच ध्वनिमुद्रण दोनदा आलेले आढळले, चुकीची लेबले आढळली, आणि रेगे या वर्गातले बरेच तुकडे एकट्या बॉब मार्लीचे निघाले. एकच गाणे शिकवण्याच्या भागात आणि परीक्षेच्या भागातही असेल तर नव्वद टक्के मिळाले यात नवल काय? पेपर फुटला होता एवढाच त्याचा अर्थ. आणि रेगे ओळखायला शिकलो असे समजणारे यंत्र बहुधा मार्लीचा आवाज ओळखायला शिकले होते. त्या डेटासेटला चर्चा पान नव्हते. चुका शोधून मांडायला अकरा वर्षे गेली आणि आमच्या गटापर्यंत ती बातमी पोचायला आणखी काही. तेव्हापासून माझ्या गटांच्या अहवालात एक प्रकरण सक्तीचे आहे: लेबले कोणी लावली, कशावरून लावली, आणि त्यांतली पन्नास तुम्ही स्वतः ऐकून तपासली का.

पुढच्या तासासाठी

आपापल्या भाषेतला एक अल्बम निवडा, शक्यतो घरी ज्याची कॅसेट किंवा तबकडी आहे असा. इंग्रजी विकिपीडियावरचे आणि तुमच्या भाषेच्या विकिपीडियावरचे त्याचे पान उघडा. दोन्हीकडे वर्ष आणि संगीतप्रकार काय दिले आहेत ते लिहून घ्या. मग पानाच्या इतिहासात जाऊन प्रकाराचा शब्द पहिल्यांदा कधी आला, किती वेळा बदलला आणि त्यासाठी स्रोत दिला होता का, ते शोधा. स्रोत असेल तर तो प्रत्यक्ष उघडून वाचा, आणि त्यात "सारखा", "प्रभावित", "मिश्रण" असे शब्द आहेत का ते पाहा. घरातल्या मुखपृष्ठावर वर्ष छापलेले असेल तर त्याचा फोटो आणा. पानात लगेच बदल करू नका. चर्चा पानावर आधी काय बोलणे झाले आहे ते वाचून या, आपण वर्गात त्यावर बोलू.